निल लिहिलेला फॉर्म आणि डोंबिवलीची दुसरी फेरी

एरवी मी इथे देवस्थानांबद्दल लिहिते. कुठे उतरायचं, प्रसाद किती वाजता मिळतो, चपला कुठे ठेवायच्या, एवढंच. या वेळचा प्रवास देवदर्शनाचा नव्हता. ठाण्याहून डोंबिवली, कल्याण, ठाकुर्ली, आणि पुन्हा डोंबिवली. तीन दिवस. तरी लिहिते आहे, कारण हे काम पुढे आणखी बायकांना मिळणार आहे म्हणतात.

आमच्या नौपाड्यात एका इमारतीत पाहणीचं तात्पुरतं ऑफिस उघडलं. देशात कुठे, किती आणि कोण संशोधन करतं, याची मोजणी. अगदी लहान कारखान्यांनाही धरून अशी देशभरची मोजणी पहिल्यांदाच होते आहे, असं आम्हाला सांगितलं. फॉर्म नेऊन भरून आणायला माणसं हवी होती. दहावी पास चालेल, अक्षर स्वच्छ हवं, आकडे जुळवता यायला हवेत. तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या.

आमचे हे म्हणाले, "अगं, संशोधनातलं तुला काय कळणार?"

मी म्हटलं, "कळायचं नाहीये, विचारायचंय."

दोन दिवस शिकवणी झाली. शिकवणाऱ्या अस्मिता मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, मला काकू म्हणायच्या. त्यांनी पाच प्रश्न दिले. काम नवीन आहे का? स्वतःच्या डोक्यातून आलंय का? काय होईल ते आधी माहीत नव्हतं ना? नोंद ठेवून, पद्धतशीर चाललंय का? दुसऱ्याला त्यावरून तसंच करता येईल का? पाचही हो असतील तर संशोधन. फॉर्मच्या शेवटी आमची सही, आणि सहीच्या वर छापलेलं, "प्रत्यक्ष पाहून खातरजमा केली." ठाणे-कल्याण पट्ट्यातले आठ कारखाने माझ्या वाट्याला आले. शुक्रवारी चार वाजेपर्यंत जमा करायचे. काम नीट झालं तर पुढची यादी शहापूरची, असं मॅडम बोलल्या होत्या. ती मला हवी होती. घराबाहेरचं पहिलंच काम, ते तीन दिवसांत संपावं असं वाटत नव्हतं.

माहिती गुप्त ठेवायचं लिहून दिलंय, म्हणून खाली नावं बदलली आहेत आणि मालही थोडा बदललाय.

बुधवार, डोंबिवली. सकाळी नऊनंतर ठाण्याहून कल्याणच्या दिशेला गाडीत खिडकी मिळते. परतीचं तिकीट काढून ठेवा. स्टेशनाच्या पूर्वेला उतरून आधी गणपतीला हात जोडले, मग औद्योगिक वसाहतीची शेअर रिक्षा पकडली. वीस-पंचवीस रुपये घेतात, सुट्टे ठेवा. बंद बूट घालून जा. मी चपला घालून गेले होते. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथेच झाली.

पहिला कारखाना पावडरीचा. मालकांनी मला काचेपलीकडची लॅब दाखवली, आत तीन माणसं पांढऱ्या कोटात.

"लिहा, संशोधक तीन," ते म्हणाले.

मी विचारलं, "ही माणसं काय करतात?"

"प्रत्येक घाण्याचा माल तपासतात."

"आणि नवीन काही?"

"नवीन कशाला? ठरलेला माल ठरल्यासारखा निघाला पाहिजे."

मी शून्य लिहिलं. मालकांचा चेहरा पडला. "बाई, एवढी एसी लॅब बांधलीय. कोट आहेत. आणि शून्य?" मी त्यांना पाच प्रश्नांचा कागद वाचायला दिला. त्यांनी वाचला, चहा पाजला, पण सही करताना पेन जरा जोरात टेकवलं.

दुसरे दोन पटकन झाले. चौथा कारखाना रबरी सीलचा, यंत्रांच्या सांध्यात बसतात त्या चकत्यांचा. ऑफिसात सावंत म्हणून हिशेबनीस, साठीचे, चष्मा कपाळावर. फॉर्म बघितला मात्र, आणि पट्टी घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत तिरपी रेघ मारली. रेघेवर लिहिलं, निल. शिक्का मारला.

"वाचलात तरी का?" मी विचारलं.

"मॅडम, सरकारी कागद वाचायचा नसतो, भरायचा असतो. निल लिहिलं की दुसऱ्यांदा कोणी येत नाही. तीस वर्षांत कोणी आलं नाही."

"मला आत बघायला लागेल."

ते माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "चपलांनी सोडत नाही आत. काही पडलं पायावर तर आम्हाला त्रास. आणि आत बघायचंय काय? रबर आहे, काळं."

तीन वाजले होते, डबा अजून उघडला नव्हता, खुर्ची पंख्याखाली होती. रेघ इतकी सरळ होती की तिच्यावर शंका घ्यावीशी वाटेना. मी सही केली.

डबा खाऊन निघाले तोवर पाळी सुटली होती. परतीच्या रिक्षात माझ्या शेजारी एक बाई बसली. चाळिशीची, हिरव्या बांगड्या, आणि बोटं नखांपर्यंत काळी. माझ्या पिशवीतल्या फॉर्मवरचा शिक्का बघून म्हणाली, "आमच्या कंपनीत आलतात का तुमी? कसली मोजनी?"

मी सांगितलं. नवीन काही शोधून काढायचं काम कोण करतं, ते मोजतात.

ती हसायला लागली. "मंग माजा कोपरा बगितलात?"

"कुठला कोपरा?"

तिचं नाव पुष्पा. मूळची तिथलीच, वसाहत बसली त्या गावातली. सकाळी प्रेसवर साचे चालवते. एका गिऱ्हाइकाची दूध गार करायची जुनी यंत्रं आहेत, त्यांची सीलं लोण्यानं फुगतात. लोण्याला टिकेल असं रबर घेतलं तर गरम सोड्याच्या धुण्यानं कडक होतं. दोन्हीला पुरेल आणि जुन्या खाचेत बसेल असं रबर बाजारात मिळेना. तेव्हा शेठ पुष्पाला म्हणाले, तू बघ. वर्षभर रोज जेवणानंतर ती वेगवेगळी मिश्रणं करून बघते.

"लिहून ठेवता का?"

"पोराची वही घेतलीय. नायतर काल काय केलंतं ते मना कसं समजनार?"

स्टेशन आलं. ती उतरून गेली. मी फलाटावर बाकावर बसले आणि तो फॉर्म पुन्हा काढला. तिरपी रेघ, शिक्का, आणि खाली माझी सही. प्रत्यक्ष पाहून.

गुरुवार, कल्याण आणि ठाकुर्ली. गुरुवारचा माझा उपास असतो. केळी आणि शेंगदाण्याचे लाडू बरोबर होते. बूट आमच्या ह्यांचे घातले, पुढे कापूस कोंबून. कल्याणला दोन, ठाकुर्लीला दोन कारखाने झाले. चारही ठिकाणी आत गेले. त्यातले तीन खरोखर शून्य निघाले, एकात एक इंजिनिअर मुलगी निघाली. कल्याणच्या घाऊक बाजारात कोथिंबीर स्वस्त मिळते पण जुडी केवढी मोठी, दोघांच्या घराला परवडत नाही. सकाळी दुर्गाडीच्या देवीला जाऊन यायचं ठरवलं होतं. गेले, पण दर्शन घेताना मनात तो फॉर्मच होता, म्हणून तिथल्या दर्शनाचं काही सांगत नाही.

ठाकुर्लीहून सावंतांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"मॅडम, दिलंय ते दिलंय. निलवर आता काय लिहिणार?"

"नवा फॉर्म भरू."

"दोन फॉर्म गेले की चौकशी लागते. मला रिटायर होऊ द्या सुखानं."

मग अस्मिता मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काकू, आत गेला नव्हता तुम्ही?"

"नाही."

"आणि पाहिलं म्हणून सही केलीत."

"हो."

मॅडम म्हणाल्या, "मी स्पष्टच सांगते. निल तसाच आला तर कोणी विचारणार नाही. बदलायचा असेल तर उद्या चारच्या आत नवा फॉर्म, मालकाच्या सहीने. आणि बदलाचं कारण तुमच्या हाताने. तो कागद वर जातो. मग शहापूरचं मला तुमच्यासाठी बोलता येणार नाही."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सोडून दे. एका बाईने काय फरक पडतो देशाला?" मी देवापुढे दिवा लावला, पण काही मागितलं नाही. काय मागायचं तेच कळेना. तिथे उभ्या उभ्या एवढं ठरलं, की उद्या पुन्हा डोंबिवली.

शुक्रवार. साडेनऊला मी कारखान्याच्या दाराशी. सावंतांनी मला बघून चष्मा कपाळावरून खाली घेतला. "आलात? तीस वर्षांत पहिल्या तुम्ही."

शेठ अकराला आले. भोईर त्यांचं नाव, सोन्याची साखळी, आवाज मोठा, माणूस बरा. मी फॉर्म पुढे केला.

"बाई, संशोधन लिहिलं की उद्या कोणीतरी येणार, परवाना कुठाय विचारणार. परवा टॅक्सवाला."

मी त्यांना पहिल्या पानावरची गुप्ततेची ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "आणि ही पुष्पा? तिला समजलं की ती संशोधक आहे, तर पगार वाढवून मागेल."

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "मला फक्त आत जायचंय. बूट घातलेत."

कोपरा म्हणजे प्रेसच्या मागे एक लाकडी फळी. तिच्यावर लोणच्याच्या जुन्या बरण्या ओळीने. काहींत वितळलेलं लोणी, काहींत सोड्याचं पाणी, आणि प्रत्येकीत दोऱ्याने टांगलेले रबराचे तुकडे. प्रत्येक दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. शेजारी जाडी मोजायचं माप आणि शाळेची दोनशे पानी वही, सत्तरएक पानं भरलेली. मिश्रणात काय किती घातलं, किती दिवस बुडवलं, किती फुगलं. फसलेल्या तुकड्यांपुढे फुली. फुल्याच जास्त होत्या.

मी पाच प्रश्न विचारले. तिसऱ्याला, काय होईल ते आधी माहीत होतं का म्हटल्यावर, पुष्पा म्हणाली, "म्हायीत असतं तर एवरे तुकडे टांगले असते का, ताई?"

पाचव्याला मी प्रेसवरच्या दुसऱ्या माणसाला बोलावून वहीचं एक पान वाचायला दिलं. त्याने वाचून सांगितलं, हो, यावरून मी करेन. पाचही हो.

मग वेळेचं कोष्टक. आठ तासांच्या पाळीत संशोधनाचे तीन तास. आठातले तीन म्हणजे कोष्टकात जवळपास ०.४ माणूस धरतात. मी तसं लिहिलं.

पुष्पाने डोकावून बघितलं. "म्हंजे मी अर्दी पन नाय?"

सावंत मागून म्हणाले, "बुधवारी तू नव्हतीसच."

शेठ हसले, पण पेन हातात घेऊन सही करीनात. पान उलटून खर्चाच्या रकान्यावर थांबले. "हे काय?"

"त्या कामाला लागलेलं रबर, लोणी, तिचा त्या वेळेचा पगार."

"ते आम्ही नासाडीत टाकतो," सावंत म्हणाले.

पुष्पा हात पुसत होती. म्हणाली, "शेठ, त्या निलमदी माजाच शून्य नव्हता, तुमचा पन व्हता. तुमी वर्षभर माल दिलात, कंदी नाय बोल्ला नाय. तो पन नासारीतच गेला ना?"

शेठनी बरणीतला एक तुकडा दोऱ्याने वर काढला, बोटांनी दाबला, परत सोडला. "हा कितवा?"

"वहीत हाय."

त्यांनी फळीवरच फॉर्म ठेवला आणि सही केली. सावंतांना म्हणाले, नासाडीतून एवढं वेगळं काढून द्या यांना. सावंतांना तासभर लागला. या वेळी त्यांनी पट्टी काढली नाही.

दुपारी सव्वातीनला मी नौपाड्यात. बदलाच्या कारणासाठी वेगळा कागद मिळाला, त्याच्यावर बऱ्याच ओळींची जागा. रिक्षात येताना मी मनात मोठं काही जुळवत होते, बुटांचं, उशिराचं, हिशेबनिसांच्या सवयीचं. लिहायला बसले तेव्हा एकच ओळ लिहिली, "आत न जाता सही केली होती." मॅडमनी वाचलं, शिक्का मारला.

मी विचारलं, "छापताना ते दशांश चार राहतं का? की शून्यच धरतात?"

"सगळ्या जिल्ह्याची बेरीज होते आधी, काकू. मग पूर्णांक करतात. वाया जात नाही."

शहापूरची यादी दुसऱ्या बाईंना गेली. मला त्यांचा फोन नंबर दिला, त्यांना काही विचारायचं असेल तर सांगा म्हणून. त्यांना मी एवढंच सांगितलं, की बंद बूट घाला आणि मालकाशी बोलून झालं की आत चला म्हणा.

आता घरीच आहे. वाईट वाटलं का, असं विचाराल तर हो. शहापूरला मी कधी गेलेले नाही, जायला आवडलं असतं. आमचे हे अजून म्हणतात, "निल राहिला असता तर कोणाला कळलं असतं?" मी त्यांना मोजून सांगितलं. पुष्पाला, सावंतांना, मॅडमना आणि मला. ह्यांना सोडूनही चार माणसांना आधीच कळलं होतं.