नळीतला बुडबुडा

वडप्याला हायवेलगत गॅरेज असलेला तो मिस्त्री मला सहन होत नाही. त्याला कारण माझे वडील.

वडील दिघाशीच्या कामगारांना डिझेल जीपमधून गोदामात सोडतात. जीप सकाळी सुरू व्हायला वेळ लावू लागली. उशिरा आलेल्यांना मुकादम गेटवरूनच परत पाठवायचा. त्या मुजोरीविरुद्ध मी पत्रक लिहिलं. वडिलांनी ते न वाचता सीटखाली सरकवलं आणि मला घेऊन मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री हातापेक्षा तोंड जास्त चालवतो. "काका, डिझेल गळत न्हाय, लाइन हवा खेचते. आपला कान कधी चुकला हाय का?" फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, त्यानं पारदर्शक नळी जोडली आणि पाठ फिरवून चहा प्यायला लागला. गिऱ्हाईक स्वतः बघून सांगेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, ही त्याची रीत.

वडील नळीसमोर उकिडवे बसले. "दिसला! बुडबुडा दिसला!"

मग मिस्त्रीनं तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला जोडली. तिथे डिझेल स्वच्छ वाहत होतं. म्हणजे हवा फिल्टरमधूनच शिरत होती. त्याचं रबर कडक झालं होतं; मिस्त्रीनं ते बदललं.

"चोर तुमी पकडलात हां काका, मी न्हाय!"

वडील लाजून हसले. माझ्या कुठल्याही वाक्यावर ते असे हसलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जीप पहिल्या चावीला सुरू झाली. मी शेजारी बसलो होतो. वाटभर वडील मिस्त्रीसारखेच हातवारे करत कामगारांना सांगत होते, "बुडबुडा! आमच्या मिस्त्रीनं मला दाखवला!"

एका नव्या कामगारानं माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हा कोण?"

"ह्यो? पोरगा. लिवतो कायतरी."