चौथ्या नंबरची खिंड

माझी शेवटची हाय अल्टिट्यूड पोस्टिंग हिमालयातल्या एका खिंडीखाली होती. खिंडीचं नाव इथे लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्या सीझनला आणखी दहा जण मोबाइलवर शोधतील आणि सॅक भरून निघतील.

पोस्ट साडेतेरा हजार फुटांवर. आम्ही चौदा जण. पोस्ट कमांडर नायब सुभेदार साहेब रजेवर होते, म्हणून चार्ज माझ्याकडे. मी तेव्हा हवालदार. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, बटालियन हेडक्वार्टरला रेडिओवर रिपोर्ट. मधल्या वेळात गस्त, छतावरचा बर्फ काढणं, बर्फ वितळवून पाणी करणं, खेचरांवरून आलेलं रेशन उतरवून घेणं. रोज तेच. तिथे रोज तेच असणं चांगलं असतं.

बर्फावर आमच्यात सगळ्यात हुशार माणूस म्हणजे लान्स नायक सुहास गावडे. कुडाळकडचा. लहानपणी त्याने बर्फ पाहिला तो फक्त मासळीच्या टोपलीत. पण माउंटेनिअरिंगचा कोर्स केला आणि पहिल्या तिघांत आला. उतार नुसता बघून सांगायचा, हा धरेल, हा सुटेल. मी मूळचा खटावचा, दुष्काळी भागातला. मला पाण्याचंच कौतुक, तर बर्फाचं काय सांगू. मी त्याला विचारायचो, "तुला कसं कळतं रे?"

"समुद्र कळता तसोच," तो म्हणायचा. "बघीत रवाचा लागता."

ऑक्टोबरचे दिवस होते. दोन दिवस बर्फ पडून थांबला होता. दुपारी चारच्या सुमारास ट्रेकर्सचा एक ग्रुप पोस्टवर आला. अकरा जण, सगळे मुंबईचे. बोरीवली, मुलुंड, घाटकोपर. मराठी ऐकून माझी पोरं खूश झाली. गावडेने सगळ्यांना चहा दिला. लीडरचं नाव कुणाल. वय तिशीच्या आत, बोलायला चटपटीत. त्यांच्यासोबत सामान वाहणारा खेचरवाला प्रेमसिंग, खालच्या गावचा.

मी कुणालला बाजूला घेतलं. "उद्या वर जायचं नाही. रेडिओवर वॉर्निंग आहे. उद्या अकरानंतर हवा बिघडणार. दोन दिवस इथेच खाली थांबा."

"सर, आमचं शेड्यूल टाइट आहे ना. परवाची रिटर्न गाडी आहे."

"गाडी दुसरी मिळते."

"ओके सर. उद्या सकाळी बघून ठरवतो."

तो हसत म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. खाली ओढ्याकाठी त्यांनी तंबू लावले. सकाळी सहाचा रिपोर्ट देऊन मी बाहेर आलो, तर तंबूंजवळ कोणीच नव्हतं. पहाऱ्यावरच्या आमच्या सेंट्रीला दिसू नये म्हणून ते पहाटे पाचला ओढ्याच्या पलीकडच्या बाजूने चढले होते. मी मागे दोघांना पाठवलं. पण ते बरेच पुढे गेले होते आणि दहा वाजताच धुकं उतरलं. माझे दोघे परत आले.

अकरा वीसला बर्फ सुरू झाला. अकरा पन्नासला प्रेमसिंग धावत पोस्टवर आला. हा माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरला होता. त्याने त्यांनाही परत फिरायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. उतरताना धुकं क्षणभर विरलं, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, तर ते खिंडीच्या अलीकडे एका मोठ्या खडकाखाली अडकलेले दिसले. एका मुलीला चालता येत नव्हतं.

मी रेडिओ घेतला. "पोस्टखाली अकरा सिव्हिलियन अडकलेत" असं चुकून बोललो. मग सुधारलं, "पोस्टच्या वर. एक जखमी. हेलिकॉप्टर मिळेल का? ओव्हर."

"हेलिकॉप्टर निगेटिव्ह. वेदर. तुमचं जजमेंट. ओव्हर."

"रेस्क्यू पार्टी घेऊन निघतो. सहा जण. ओव्हर."

"रॉजर. केअरफुल. आउट."

बारा दहाला निघालो. मी, गावडे, नर्सिंग असिस्टंट आणि तीन जवान. एक पन्नासला आम्ही कड्याच्या एका धारेवर पोचलो. समोर ऐंशी-नव्वद पावलांचा उघडा उतार आणि पलीकडे तो खडक. सकाळी गोठलेल्या बर्फावरून ते आरामात पार झाले होते. आता त्यावर वाऱ्याने नवा बर्फ आणून टाकला होता. दुसरी वाट नव्हती. खाली सरळ कडा.

गावडेने काठी खुपसून पाहिली. "सायबा, ह्यो धरता, पण लय येळ नाय धरूचो. एका टायमाक एकच माणूस. मधी थांबाचा नाय." मी तीच ऑर्डर सगळ्यांना दिली.

तो स्वतः पलीकडे गेला. घोटा मोडलेल्या मुलीला पाठीवर घेऊन पहिल्या फेरीत आला. तिचं नाव मृणाल, मुलुंडची. सगळा वेळ ती "सॉरी, सॉरी" म्हणत होती. गावडे तिला म्हणाला, "सॉरी खाली जाऊन बोला. आता फक्त घट्ट धरा." नर्सिंग असिस्टंट आणि दोन जवान तिला घेऊन खाली निघाले. उरलेला जवान धारेच्या खालच्या टोकाला उभा होता, पार झालेल्यांना सांभाळत. वरच्या टोकाला मी आणि गावडे.

मग एकेक जण. मी हात वर करायचो, एक माणूस निघायचा. तो आमच्यापाशी पोचला की पुन्हा हात. नऊ जण आले. तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा निघाला. कुणाल.

तेवढ्यात ढग फाटले. अचानक सगळी दरी उघडी पडली. समोरच्या शिखरांवर ऊन, खाली नदीची रेघ. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. मी त्या भागात दोन वर्षं काढली, तसा देखावा तीन-चार वेळाच पाहिला असेन.

कुणाल उताराच्या मधोमध थांबला. ग्लोव्ह काढला, मोबाइल काढला आणि हात लांब करून सावकाश शूट करायला लागला.

"ओ लीडर! चला! मोबाइल आत!" गावडे ओरडला.

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल. मला माहीत नाही. त्याने आमच्याकडे बघून अंगठा दाखवला आणि मोबाइल आमच्या दिशेने फिरवला.

गावडे निघाला. झपाझप गेला, त्याच्या सॅकचा पट्टा धरला आणि ओढत आणायला लागला. आमच्यापासून चार पावलांवर होते, तेव्हा वरून 'हूप' असा आवाज आला. बर्फाच्या आत हवा दबल्यासारखा. ज्याने तो ऐकलाय तो विसरत नाही. गावडेने दोन्ही हातांनी कुणालला आमच्याकडे ढकललं. मी सॅक पकडली. पट्टा हातात आला, माणूसही आला. मी वर बघितलं तेव्हा उतार नव्हता. गावडे नव्हता. तीन वाजून चौदा मिनिटं.

मी आणि तो जवान धारेवरून वळसा घालून खाली उतरलो आणि साडेचारपर्यंत बर्फात रॉड खुपसून त्याला शोधत राहिलो. दहा माणसं धारेवर थरथरत उभी होती. रेडिओवर आवाज आला, "सिव्हिलियन खाली आणा. अंधाराच्या आत. दिस इज अॅन ऑर्डर. कन्फर्म."

"कन्फर्म," मी म्हणालो. आयुष्यात तो शब्द इतका जड कधी झाला नव्हता.

पोस्टवर पोचल्यावर कुणालला कूकने गरम पाणी दिलं. ते पिऊन त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "सर, इथे नेटवर्क कुठे मिळेल?" मी तिथून उठून बाहेर गेलो. थांबलो असतो तर माझं कोर्ट मार्शल झालं असतं.

गावडे तिसऱ्या दिवशी सापडला. पाच फुटांखाली. शवपेटीसोबत मी कुडाळला गेलो. सलामी झाली, माणसं पांगली. त्याची आई ओटीवर बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "तेना कोणाक वाचवल्यान?"

"अकरा माणसांना, आई. आपल्या मुंबईची माणसं."

तिने अंगणात जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "मगे ते खय हत? इले नाय ते?"

 मृणालचं नंतर त्या घरी पत्र आलं, तिचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. बाकी दहा जणांपैकी कोणी आलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी रिटायर झालो, चारकोपला राहतो, तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. मुलगी प्रज्ञा अंधेरीला ऑफिसात जाते. मागच्या वर्षी जेवताना तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "पप्पा, बघ ना. हिमालयातले सात सुंदर ट्रेक, एकदा तरी कराच. आम्ही चौघीजणी चार नंबरचा करतोय. झकास आहे."

चार नंबरला ती खिंड होती. फोटोत तो उतार. खाली लिहिलं होतं, 'थोडं थ्रिल, भरपूर व्ह्यू.' आयोजकाच्या जागी कुणालचा चेहरा.

मी ताट सरकवलं. प्रज्ञा घाबरली. "काय झालं?" तिला गावडे माहीत होता, पण जागा माहीत नव्हती. मी सांगितली. मग म्हणालो, "जायच्या आधी यांची मीटिंग असेल ना? कधी आहे? मी येतो."

रविवारी सकाळी अकराला बोरीवलीच्या एका हॉलमध्ये साठ-सत्तर लोक जमले होते. बहुतेक ऑफिसात काम करणारे, काही नवरा-बायको, काही माझ्या वयाचे. कुणाल जाड झाला होता, दाढीत पांढरे केस. बोलणं तसंच चटपटीत. प्रज्ञाने फॉर्मवर वडील एक्स-आर्मी असं लिहिलं होतं. त्याने ते वाचलं.

"मित्रांनो, आज आपल्यात एक एक्स-आर्मी सर आहेत. आपल्या जवानांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. "टाळ्या थांबवा. मला एक विचारायचंय. या चार नंबरच्या खिंडीत तुझ्या ग्रुपला आणायला आलेला एक जवान गेला. हे तू या लोकांना सांगितलंस?"

त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "सर, ते अनफॉर्च्युनेट इन्सिडेंट होतं. वेदर अचानक..."

"अचानक नाही. आदल्या दिवशी चार वाजता मीच तुला सांगितलं होतं."

आता त्याने मला ओळखलं. माइक खाली गेला.

"तो तुझ्यासाठी परत गेला. तू व्हिडिओ काढत होतास. त्याचं नाव काय?"

"सर, आपण नंतर बाहेर बोलू या का?"

"नाव सांग."

 कुणाल हातातले फॉर्म सरळ करायला लागला. त्याला नाव माहीत नव्हतं. ज्या माणसाने त्याला चहा दिला, सॅकला धरून ओढलं, दोन्ही हातांनी ढकललं, त्याचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं. मला वाटलं होतं तो खोटं बोलेल, भांडेल. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.  प्रज्ञाने माझा दंड धरला.

मीच सांगितलं. रँक, नाव, गाव. मोठ्याने, दोनदा.

पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "दादा, मग आम्ही हिमालयात जायचंच नाही का?"

"जा ना. जरूर जा," मी म्हणालो. "पहिल्यांदा जात असाल तर हर की दून करा. नदीच्या काठाने वाट आहे, लाकडी घरांची गावं लागतात, माणसं मायाळू आहेत. फुलं बघायची असतील तर ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. बर्फ बघायचा तर केदारकंठा. पण गावातला माणूस परत फिरा म्हणाला की फिरा. पोस्टवरचा जवान थांबा म्हणाला की थांबा. आणि लीडरला आधी विचारा, तू शेवटचा परत कधी फिरलास? ज्याला आठवत नाही, त्याच्यासोबत जाऊ नका."

पंधरा-वीस लोक उठून गेले. बाकीचे बसून राहिले. चहाच्या वेळी कुणाल माझ्याकडे आला नाही.

पुढच्या आठवड्यात मी ती यादी पुन्हा पाहिली. खिंड चौथ्यावरून तिसऱ्या नंबरवर आली होती. वर्णनात एक ओळ नवीन होती, 'आर्मी पोस्टजवळून जाणारा मार्ग.' मी मोबाइल भिंतीवर आपटणार होतो. बायकोने हातातून काढून घेतला.

प्रज्ञा आणि तिच्या मैत्रिणी दुसऱ्या ग्रुपबरोबर हर की दूनला गेल्या. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "पप्पा, काय सांगू, प्लॅनची वाट लागली. पावसामुळे लीडरने आम्हाला शेवटच्या गावातून परत फिरवलं यार."

"त्या लीडरचं नाव काय?"

"का रे?"

"चांगला माणूस आहे. माहीत असावं."

कुडाळला मी दरवर्षी फोन करतो. आईला आता कमी ऐकू येतं. ती विचारते, "जेवलंस?" मी जेवलो म्हणतो. 

लोक मला विचारतात, इतकी वर्षं झाली, अजून राग कसा? राग कुणालवर आहे, तो राहील. पण त्या हॉलमध्ये मी एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहितो. गावडे उतारावर निघाला तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. एका टायमाला एकच माणूस, ही ऑर्डर माझी होती. 'थांब' हा शब्द माझ्या तोंडात होता. तो बाहेर पडेपर्यंत सुहास पाच पावलं पुढे गेला होता आणि मग मी ओरडलोच नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता.