दोघांनी मिळून विकायचे शेअर

सांगायला बसलोय खरा, पण जीभ अजून अडखळते. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती — बायकोला नाही, मुलाला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळायचो. गेल्या रविवारी, ज्याला सांगायला हवी होती त्याला सांगून आलो. आणि काय सांगू तुम्हाला — तेव्हापासून दोन घास जास्त जातायत. शैला, म्हणजे माझी बायको, विचारते, एवढं काय झालंय खूश व्हायला? तिलाही सांगणार आहे. पण आधी तुम्हाला. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, ते एका परीनं बरंच आहे.

आमच्या सहकारनगरात मला 'शेअरवाले काका' म्हणतात. नोकरी म्हणाल तर पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत, अकाउंट्सला. तिथं मला व्हाउचरशिवाय कुणी काही विचारायचं नाही. पण रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरून झालं की खाली कट्ट्यावर आमची मंडळी जमायची, आणि तिथं मी राजा! तो काळच तसा होता. कालपर्यंत पोस्टाच्या पलीकडे न गेलेली माणसं पेपरातलं शेअरचं पान उघडून बसायला लागली होती. कुणाचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये, कुणाचा जावई अमेरिकेत. पैसा आला होता, पण त्याचं करायचं काय हे कुणाला कळत नव्हतं. मग — विचारा काकांना.

प्रश्न ठरलेले. कुठला घेऊ? आत्ता घेऊ की पडल्यावर? पडला तर आणखी घेऊन सरासरी खाली आणू का? किती कंपन्यांत वाटून ठेवू? शेअर बरे की म्युच्युअल फंड? आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न — कधी विकू? मी ऑफिसात येणारा शेअरबाजाराचा गुलाबी पेपर वाचून पाठ करून यायचो. सगळं एकाच कंपनीत घालू नका. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा बाजारात आणूच नका. कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. उत्तरं चुकीची नव्हती बरं का. आजही कुणी विचारलं तर हीच देईन.

एक प्रश्न मात्र मी टाळायचो. तुमचं स्वतःचं कशात आहे? त्यावर माझा विनोद तयार असायचा — डॉक्टरला विचारता का हो, तुम्ही कुठली गोळी घेता? मंडळी हसायची, मी सुटायचो.

आता तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय होतं?

माझ्याकडे एकही शेअर नव्हता. एकही! त्याच्या काही वर्षं आधीच्या पहिल्या तेजीत मीही सगळ्यांसारखा रांगेत उभा राहून फॉर्म भरले होते, आणि बाजार कोसळला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मिळेल त्या भावात सगळं विकून टाकलं आणि उरलेला पैसा बँकेत मुदत ठेवीत घातला. शैलाला हे माहीत होतं. तिनं तर देवाला साखर ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात शेअरचा कागद आला नाही. पण कट्ट्यावर मी तसाच राजा. का सोडलं नाही? अहो, आवडायचं मला. माझ्यासारख्या माणसापुढे चार माणसं गप्प बसून ऐकतायत — आणखी काय हवं असतं?

इथपर्यंत ठीक होतं. थापा मारणाऱ्यांची पुण्यात काही वाण नाही. त्यातला एक मी, एवढंच राहिलं असतं.

पण सुधाकर आला.

सुधाकर आमच्याच कंपनीत मशीन शॉपला. आम्ही एकाच बसनं पिंपरीला जायचो, वर्षानुवर्षं शेजारी बसून. सरळ माणूस. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा त्यानं घेतली, मी नाही घेतली. त्या पैशातून त्याला कात्रजला फ्लॅट घ्यायचा होता. तोवर तो आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचा. त्याच्या बायकोनं, निर्मलावहिनींनी, जागा बघूनसुद्धा ठेवली होती — दुसरा मजला, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. पण पैसे थोडे कमी पडत होते. वर्षभर बाजारात फिरवले तर कमी पडणारे भरून निघतील, असं त्याच्या डोक्यात आलं. त्या वर्षी सगळ्या पुण्याच्या डोक्यात तेच होतं.

मी त्याला तेव्हाच म्हणायला हवं होतं, सुधाकर, हा घराचा पैसा आहे, हात लावू नकोस. हेच मी कट्ट्यावर दर रविवारी ओरडून सांगत होतो ना? पण त्यानं विचारलं — तुझं कशात आहे? आणि सुधाकरला गोळीचा विनोद चालत नाही. तो तोंडाकडे बघत थांबतो. मी त्या दिवशी सकाळी पेपरात वाचलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नाव घेतलं. म्हणालो, मी बरेच घेतलेत तिचे.

बस. एवढंच. दोन सेकंद लागले असतील.

त्यानं महिनाभरात जवळजवळ सगळा पैसा त्या एका कंपनीत घातला. मला कळलं ते घेऊन झाल्यावर. इतके कशाला घेतलेस, असं विचारलं तर म्हणाला, तू आहेस ना त्यात, मग मला कसली भीती? आधी शेअर चढला. पेढे आले माझ्याकडे! शैला घरात नव्हती म्हणून वाचलो, नाहीतर तिनं विचारलंच असतं, कशाचे हो हे? मग तो पडला. पडतच गेला. सगळ्याच कॉम्प्युटर कंपन्यांचं पाणी झालं त्या वर्षी. सुधाकर घाबरला, पण माझ्याकडे बघून टिकून राहिला. मी एकही विकला नाही, असं मी त्याला सांगायचो. खोटं होतं का ते? विकायला काही असायला हवं ना!

आणि आता मुख्य गोष्ट. वरचं सगळं माझ्या बढाईचं झालं. हे भित्रेपणाचं आहे. इतकी वर्षं मला छळलं ते यानं.

वर्षभरानं तो शेअर परत वर आला. सगळा नाही, पण बराच. कात्रजचा बिल्डर अजून थांबायला तयार होता. थोडं कर्ज काढलं असतं तर फ्लॅट झाला असता. सुधाकर सकाळीच आमच्या दारात उभा. मी त्याला नेहमीसारखा गच्चीत घेऊन गेलो — शैलासमोर शेअरचं बोलणं निघायला नको म्हणून. तो म्हणाला, चल, आजच बाजीराव रस्त्याला ब्रोकरकडे जाऊ. तुझेही विक, माझेही विकतो. दोघं एकत्र शिरलो, दोघं एकत्र निघू.

दोघं एकत्र! तुम्हाला कळतंय ना? ब्रोकरच्या काउंटरवर त्यानं त्याची शेअर विकायची डिमॅटची स्लिप काढली असती आणि मला म्हणाला असता, काढ तुझी. मी कुठली काढणार होतो?

मी म्हणालो, थांबू अजून. वर जाईल.

मला काहीही वाटत नव्हतं हो, की वर जाईल. मला एवढंच वाटत होतं, की त्या काउंटरपुढे उभं राहायचं नाही. तो दर रविवारी विचारायचा, उद्या जाऊ या? आणि मी दर रविवारी थांबायला सांगायचो — दीर्घकालीन गुंतवणूक, संयम, काय काय शब्द वापरायचो! एकदा म्हणून बघितलं, तू विकून टाक, मी थांबतो. तर तो आणखीच घट्ट झाला. तू थांबतोयस म्हणजे तुला काहीतरी माहीत आहे, म्हणाला. आणि शिवाय, तुला एकट्याला मागे सोडून मी कसा बाहेर पडू? काल विकले मी, असं सांगून टाकावं, हेही सुचलं होतं. पण मग त्यानं विचारलं असतं, मला न सांगता? त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला. आपलं नाव राखायला मी त्याचं घर घालवलं. हे वाक्य मनात शंभर वेळा जुळवून झालंय, उच्चारतोय आज पहिल्यांदा.

तो शेअर पुन्हा गडगडला. कंपनीत काहीतरी गोलमाल निघाला, व्यवहारच बंद पडले. कात्रजचा फ्लॅट दुसऱ्यानं घेतला, आणि मग तिकडचे भाव असे वर गेले की विचारायची सोय राहिली नाही. सुधाकरनं हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत नोकरी धरली, कर्मचाऱ्यांच्या बसगाड्या सोडायची. मी पण आयटीत आहे, असं हसून सांगायचा. दर अकरा महिन्यांनी भाड्याचा करार संपला की वहिनी डबे-भांडी खोक्यांत भरायच्या. धनकवडी, आंबेगाव, परत धनकवडी. सामान उचलायला मी जायचो. गॅसची शेगडी खांद्यावर घेऊन तीन मजले चढलोय मी, आणि मनात म्हणालोय, बघा, किती करतो मी याच्यासाठी! निर्लज्जपणाला काही सीमा?

बरं, माझंही बुडालंय हे दाखवायला नको का? मुदत ठेवी पिकत होत्या आणि मी स्कूटरला लाथा मारत हिंडत होतो. शैलाला गाडी हवी होती. मी वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिलो. केरळला जायचं ठरलं, ते मोडलं. का, ते तिला कधी कळलं नाही. कंजूष आहे, असं समजून तिनं संसार केला. एकदा निर्मलावहिनी तिला म्हणाल्या, धीर धरा, होईल सगळं नीट. शैलाला वाटलं, माझ्या ब्लडप्रेशरबद्दल बोलतायत. तिनंही मान डोलावली. मी आतल्या खोलीत घामानं ओला.

सुधाकरनं मला कधी दोष दिला नाही. उलट धीर द्यायचा. तुझं माझ्यापेक्षा जास्तच गेलं असणार, म्हणायचा. त्याचा हात माझ्या पाठीवर, आणि मी तो तसाच राहू द्यायचो.

या महिन्यात त्याची मुलगी, मंजिरी, माझ्याकडे आली. आता तीही आयटीत आहे, म्हणजे खरोखरची. पगार चांगला आहे, आईबाबांसाठी घर बघायचंय, शिलकीचं काय करू ते विचारायला आली होती. प्रश्न तेच — किती कंपन्या, किती दिवस, कधी विकायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, बाबांनीच पाठवलं. ते म्हणतात, काकाकडेच जा, तो माझ्याबरोबर बुडाला पण मला टाकून पळाला नाही.

नंतर ये, म्हणालो. ती गेली आणि मी पंख्याखाली बसून राहिलो.

रविवारी तळजाईला न जाता धनकवडीला गेलो. सुधाकर पेपर वाचत होता. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, कारण बसलो असतो तर दुसरंच काहीतरी बोललो असतो. सगळं सांगितलं. त्या कंपनीचे शेअर माझ्याकडे नव्हते, कधीच नव्हते. बाजीराव रस्त्याला का आलो नाही, ते सांगितलं. मुदत ठेवी सांगितल्या. बोलताना माझा आवाज इतका नेहमीसारखा निघत होता, की माझं मलाच नवल वाटलं. एकेक वाक्य बाहेर पडत होतं आणि छाती मोकळी होत होती. हे इतकं सोपं होतं? मग मी कशाला जपून ठेवलं होतं?

तो ओरडेल असं वाटलं होतं. दोन शिव्या हासडेल, कॉलर धरेल. त्यानं चष्मा काढला, पेपरची घडी घातली. घराचं काही काढलं नाही, पैशाचं तर नाहीच. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच होतो म्हणायचं."

आतून वहिनींनी विचारलं, दोघांचा चहा टाकू ना?

"एकच टाक," सुधाकर म्हणाला. "हा निघालाय."

मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. खाली आलो तेव्हा पाय हलके पडत होते — खरंच सांगतो, हलके. रिक्षाही केली नाही, घरापर्यंत चालत आलो.