“बघून सांगते” म्हणणाऱ्या बाई

दोन हजार सालाच्या आसपास वसई स्टेशनजवळ माझा नेटवर्किंगचा क्लास होता. कॉम्प्युटरनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे, त्या मानकांच्या इंग्रजी कागदांच्या झेरॉक्स मी पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात ठेवायचो आणि पाठ करून घ्यायचो. हेडरमध्ये, म्हणजे निरोपाच्या वरच्या पत्त्याच्या भागात, कुठला रकाना, किती बिटचा. मुलं घडाघडा म्हणायची, दारातले पालक खूश व्हायचे. मलाही ते पाठच होतं. कळलेलं काही नव्हतं.

आगाशीच्या एक बाई माझ्याकडे शिकवायला लागल्या. घरची फुलांची वाडी. त्यांनी कागद सरळ कपाटात ठेवले आणि घरून एक करंडी आणली. तिच्यावर दादरच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी बांधून ती वर्गात हातोहात फिरवली.

“आत मोगरा आहे की चाफा, हे हमालाला माहीत असायला हवं का?”

“नाही, मॅडम.”

“मग तो काय बघतो?”

“चिठ्ठी.”

“आणि चिठ्ठी हरवली तर?”

“फुलं हमालाच्या बायकोला,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

वर्ग हसला. बाईही हसल्या आणि विचारलं, “मग करंडी पोचली नाही हे पाठवणाऱ्याला कसं कळणार?” वर्ग विचार करायला लागला. माझ्या वर्गात असं कधी झालं नव्हतं.

हे एका पालकांनी दारातून पाहिलं. “फी नेटवर्किंगची घेता की फूलबाजाराची?” म्हणाले. मी तसाच तणतणत आत गेलो.

“मॅडम, हेडरमध्ये चेकसमच्या रकान्याला किती बिट?”

“कागदात आहे, सर. बघून सांगते.”

“म्हणजे येत नाही.”

“आकडा केव्हाही बघता येतो. तो रकाना तिथे कशाला ठेवलाय, ते आधी कळू दे त्यांना.”

“बघूनच सांगायचं तर झेरॉक्सवाल्याला बसवतो की तुमच्या जागी.”

मुलं पुन्हा हसली. या वेळी बाईंना. त्याच संध्याकाळी मी त्यांना काढलं आणि विरारपर्यंतच्या क्लासवाल्यांना स्वतः सांगत सुटलो की या बाईंना काही येत नाही. त्यांना पुन्हा कुठे वर्ग मिळाला नाही.

पुढे माझ्या क्लासची मुलं वालीवच्या एका कारखान्यात दोन खोल्यांतले कॉम्प्युटर जोडायला गेली. सगळे रकाने तोंडपाठ, पण या खोलीतला निरोप त्या खोलीत कोण पोचवणार, हा प्रश्नच कोणाला पडलेला नव्हता. मालकाने मला बोलावलं. मलाही जमेना. केबल खराब आहे असं ठोकून देऊन मी निघून आलो. माझ्या घोकंपट्टीला आणि बाईंना काढण्याच्या निर्लज्जपणाला लोक वीस वर्षं शिस्त म्हणत आले.

परवा एका लग्नात जुना विद्यार्थी भेटला. “सर, त्या मॅडमना तुम्ही वेळेवर काढलंत,” म्हणाला. मी म्हटलं, येत नव्हतं ते त्यांना नाही, मला. त्याला तो माझा विनय वाटला. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी आगाशीला गेलो आणि बाईंची माफी मागितली.

बाईंनी बसा म्हटलं नाही. “सर, माझी बदनामी चारचौघांत केलीत,” त्या म्हणाल्या, “आणि माफी ओटीवर एकट्याने मागताय?”

म्हणून हे छापायला देतो आहे. आगाशीच्या त्या बाईंना नेटवर्किंग उत्तम येत होतं, आणि शिकवताही येत होतं. मी खोटं बोललो होतो.