सासूबाईंचा व्यत्यय

स्क्रीनवर वंदनाच्या सासूबाई ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मी परीक्षक होते; आमच्या ऑनलाइन आहारशास्त्राच्या वर्गातल्या वंदनासारख्या विद्यार्थ्यांना परीक्षेत घरातल्याच कुणाला तरी मधुमेहाचा आहार समजावून सांगायचा होता. परीक्षा खऱ्या आयुष्यातली हवी, असा संस्थेचा आग्रह.

"तुझं कॉलेज मला उपाशी मारणार का गं?" सासूबाई कडाडल्या.

वंदना हसली. तिनं आपलंही ताट वाढून घेतलं, त्यातला भात निम्मा काढून ठेवला आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसली. "आई, आजपासून मीही एवढाच खाणार." बऱ्याच कुरकुरीनंतर म्हातारीनं स्वतःच्या हातानं भात कमी केला. मी मनापासून पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसऱ्या दिवशी समन्वयकांचा फोन आला. "मॅडम, रुब्रिकप्रमाणे सादरीकरणात व्यत्यय नको. सासूबाई मध्येच बोलल्या, म्हणून तिथं शून्य द्यावं लागेल."

गुण देण्याच्या त्या तक्त्याची मला अक्षरशः शिसारी आली. खरं आयुष्य हवं म्हणायचं आणि ते तोंड उघडून बोललं की गुण कापायचे! गप्प बसलेल्या काकांपुढे घडाघडा पाठ म्हणणाऱ्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाला याच तक्त्यानं डोक्यावर घेतलं होतं. रुसणारं, भांडणारं, भुकेलं माणूस मात्र त्याच्या लेखी नुसता गोंगाट.

"व्यत्यय कसला? तीच तर परीक्षा होती," मी म्हणाले. "शून्य द्यायचं असेल तर परीक्षक म्हणून माझं नाव काढा."

पलीकडे कीबोर्ड वाजला.

"काढतो. कारण काय लिहू, मॅडम? तो रकाना रिकामा सोडता येत नाही."