हात न लावलेला दगड

बाबांनी त्या दगडाला हात लावला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी सांगायची वेळ आली तेव्हा मी ते सांगितलं नाही.

बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. राज्याच्या पुरातत्त्व खात्यात ते ओव्हरसीअर होते. एकतीस वर्षं त्यांनी ढासळलेले बुरुज, फुगलेल्या भिंती आणि तटातून निसटलेले दगड यांच्यामागे काढली. इंग्लंडमधले किल्ले आणि जुनी जमीनदारी घरं एकदा पाहायची, एवढी एकच हौस त्यांनी मला कधी बोलून दाखवली होती. "आपला काळा दगड टिकतो ते समजतं. त्यांचा दगड एवढा मऊ, वर बारमाही पाऊस. तो कसा टिकवतात ते बघायचंय," असं म्हणायचे.

म्हणून परत जाताना त्यांच्यासोबत मी लंडनपर्यंत जायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि आठ दिवस खेड्यापाड्यांतून हिंडायचं, असा बेत केला. पण माझं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलं. वकील म्हणाला, निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका. चौदा वर्षं इथे टॅक्स भरतेय मी, आणि बापाला आठ दिवस फिरवायचं तर कुणाच्या तरी टेबलावरची फाइल हलेपर्यंत थांबायचं. इंग्लंड कॅन्सल केलं. बाबा म्हणाले, "असू दे गं, फोटो बघू." मला ते जास्त लागलं.

मग मला त्या घराचा पत्ता लागला. शेजारच्या राज्यात, साडेतीन तासांच्या ड्राइव्हवर, खरंखुरं इंग्लिश मॅनर हाउस होतं. कोळशाच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी ते इंग्लंडमध्ये विकत घेतलं, उतरवलं, दगडांवर नंबर घातले आणि पेट्यांत भरून जहाजाने इकडे आणलं.

"म्हणजे आपल्याकडची गढी," बाबा म्हणाले. "आणि अख्खी आणली? चल, जाऊ या."

ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. खिशात छोटी वही आणि पेन.

आमच्या टूरमध्ये दहा-बारा जण होते. आम्ही दोघं सोडून सगळे गोरे. गाइड सत्तरीच्या बाई होत्या, गळ्यात मोत्यांची माळ, आवाज गोड. पहिल्याच दालनात त्यांनी सांगितलं, कृपया कशालाही हात लावू नका, इथली प्रत्येक वस्तू मूळची आहे. मग त्या घराची गोष्ट सांगायला लागल्या. मूळ कुटुंबाला घर परवडेना, छत गळायला लागलं, आणि तेवढ्यात आमचे हे गृहस्थ देवासारखे धावून आले. "त्यांनी हे घर वाचवलं," असं त्या तीनदा म्हणाल्या.

बाबांना इंग्रजी समजतं, बोलताना मात्र अडखळतात. त्यांनी मला हळूच सांगितलं, "विचार ना, तिथे खाली जोतं राहिलं का? आणि गावातल्या लोकांचं काय म्हणणं होतं?"

मी विचारलं. बाई हसल्या. "किती छान प्रश्न!" म्हणाल्या, आणि पडद्यांच्या कापडाकडे वळल्या.

मोठ्या दालनात माणूस उभा राहील एवढी फायरप्लेस होती. ती जशीच्या तशी आणलेली आहे, एकही दगड बदललेला नाही, असं बाईंनी सांगितलं. लोक पुढे सरकले. बाबा तिथेच थांबले. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते वाकले आणि खालच्या दगडांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हे वरचे दगड हाताने घडवलेत. टाकीचे घाव बघ, एकासारखा दुसरा नाही. खालचे दोन थर मशिनवर कापलेत. हे नवीन आहेत."

मीही वाकून बघितलं. एकदा सांगितल्यावर मलासुद्धा दिसलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "एक्स्क्यूज मी, ते हात लावतायत."

टूरमधल्याच एका गृहस्थांनी हे सांगितलं. त्यांचं स्वतःचं कोपर त्या वेळी फायरप्लेसच्या बाजूच्या दगडी खांबावर टेकलेलं होतं. मी हे बनवून सांगत नाही.

बाई वळल्या. आवाजातली साखर गेली होती. "सर, मागे व्हा. हे शेकडो वर्षांपूर्वीचं आहे. तुम्हाला त्याची कल्पना नसेल."

मला आज दहा उत्तरं सुचतात. या माणसाने याच्यापेक्षा जुन्या भिंती स्वतःच्या देखरेखीखाली उभ्या करून घेतल्यात, हे एक. त्यांचे हात पाठीमागे होते, हे दुसरं. पण माझ्या तोंडून काय निघालं?

"आय अ‍ॅम सो सॉरी."

नुसतं तेवढंच नाही. मी हसलेसुद्धा. ऑफिसात कुणी माझं बोलणं मध्येच तोडलं की हसते, तसं.

"मी हात लावला नव्हता," बाबा मराठीत म्हणाले.

"बाबा, सोडा ना."

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या गार्डला खुणेने बोलावलं आणि त्याच्या कानात काही सांगितलं. त्यानंतर तो गार्ड आमच्यासोबत चालायला लागला. बाकीच्यांसोबत नाही, आमच्यासोबत. जेवणघर, वाचनाची खोली, वरचा मजला, सगळीकडे आमच्यापासून चार पावलांवर. कोपरवाले गृहस्थ पुढे एका पलंगाच्या खांबाला धरून वाकून बघत होते. त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

आणि बाबा पूर्ण वेळ हात पाठीमागे बांधून चालत होते. जिना उतरतानाही त्यांनी कठडा धरला नाही. गुडघा दुखतो त्यांचा. मी म्हटलं, "धरा बाबा, कठडा धरायला असतो." ते म्हणाले, "नको."

एका माणसाने अख्खं घर पायापासून उचकटून समुद्रापार आणलं, त्याला वाचवणं म्हणतात. माझ्या बापाने वाकून नुसतं बघितलं, तर मागे गार्ड लागला.

खालच्या बोळात बाकीची मंडळी पुढे गेल्यावर तो गार्ड आमच्या जवळ आला. पन्नाशीचा, जाडसर, मूळचा तिथल्याच गावचा असावा. त्याने मला विचारलं, "ते तिथे नेमकं काय बघत होते?"

मी सांगितलं. बाबांनी हवेतच बोट फिरवून घाव कसे पडतात ते दाखवलं. गार्ड ऐकत राहिला. मग म्हणाला, "खरं आहे. खालचे दगड वाटेत फुटले होते, इथल्या खाणीतून नवे आणून बसवलेत. ऑफिसात जुने कागद आहेत, मी बघितलेत. कुणाच्या लक्षात येत नाही."

"मग त्या तसं का सांगतात?"

त्याने खांदे उडवले. "त्यांना दिलेल्या कार्डावर तसं लिहिलंय." आणि जरा ओशाळून म्हणाला, "मला तुमच्यासोबत चालायलाच लागेल. त्यांनी सांगितलंय." आणि चालत राहिला.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "तू सॉरी कशाला म्हणालीस?"

"वाद वाढला असता, बाबा. इथे असंच बोलतात."

"माझी चूक झाली असती तर मीच म्हणालो असतो."

ते रागावले नव्हते. ते मला समजून घ्यायला बघत होते. मी गाडीची किल्ली काढली, त्यांना बसायला सांगितलं आणि परत आत गेले.

बाई तिकिटांच्या टेबलापाशी पाणी पीत होत्या. शेजारी एक तरुण मॅनेजर होती. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी दगडाला हात लावला नव्हता. मी मघाशी सॉरी म्हटलं, ते परत घेते. आता तुम्ही त्यांना सॉरी म्हणा. ते बाहेर गाडीत बसलेत." फायरप्लेसचे खालचे दगड नवे आहेत, हेही सांगितलं. गार्डचं नाव घेतलं नाही.

बाई म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनाच सावध करतो."

"मग कोपर टेकलेल्या माणसाला का नाही केलं?"

बाईंनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने सांगितलं की तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, आणि ड्रॉवरमधून पुढच्या भेटीचे दोन फुकट पास काढून माझ्यापुढे ठेवले. मी ते टेबलावरच ठेवले. बाहेर पार्किंगपर्यंत कुणी आलं नाही. आमची गाडी दारातून दिसत होती, वीस पावलांवर.

घरी आल्यावर मी लांबलचक ईमेल लिहिली. नऊ दिवसांनी उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, वगैरे. मी पुन्हा लिहिलं, दगडांबद्दल स्पष्ट विचारलं. त्याला उत्तर नाही. महिन्याभराने वेबसाइटवर पाहिलं, एकही दगड बदललेला नाही, हे वाक्य तसंच होतं.

बाबा परत जायच्या आदल्या रविवारी त्यांच्या खात्यातल्या जुन्या मित्राशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. "काय सांगू, छताच्या तुळया अशा जोडल्यात, एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या," ते रंगून सांगत होते. वहीतलं चित्र कॅमेऱ्यासमोर धरत होते. "आणि एक भला माणूस भेटला तिथला, पूर्ण वेळ माझ्याबरोबर हिंडला."

मला वाटलं, जाऊन फोन हिसकावून घ्यावा आणि तो माणूस बरोबर का हिंडत होता ते काकांना सांगावं. मी गेले नाही. सुरी ठेवून दिली आणि नळ मोठा सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.