ब्रेक पाहणारा माणूस

आमच्या कंपनीचा चिपळूणकडचा मेकॅनिक कुठल्याच गाडीवर भाळत नसे. जुन्या अमेरिकन गाडीत दांडगं इंजिन बसवून, क्रोम चमकवून मालक तिला अभिमानाने 'हॉट रॉड' म्हणत. हा म्हणे, "म्हातारीला पैंजण घातलेत." बोलता बोलता उलट्या हाताने तिच्या चाकांचा ताप पाहायचा.

इकडे आखातात, फुजैऱ्याच्या डोंगरात अशा गाड्यांची चढावाची शर्यत होती. तंबू, गालिचे आणि भाषणं आधीच सुरू झाली होती. सरावाची फेरी मारून आमच्या कंपनीचा अरब मालक, म्हणजे आमचा 'अरबाब', खाली आला, तेव्हा याने चाकं चाचपली आणि चावी काढून खिशात टाकली.

"अरबाब, गाडी नहीं जाएगा. ब्रेक खलास."

"रेस में ऊपर जाना है, ब्रेक का क्या काम?" पांढऱ्या हातमोज्यांतला मालक म्हणाला. "चावी दे, नहीं तो कल तेरा वीजा कॅन्सल."

"करो. लेकिन वापस नीचे भी आना है ना?"

मी गालिच्याची नक्षी पाहू लागलो. माझा व्हिसाही त्याच मालकाकडे होता.

मालकाने हातमोजा काढून ब्रेकच्या ड्रमला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. लाउडस्पीकरवर त्याचंच नाव पुकारत होते.

"यल्ला अरबाब, चलो, ये पाना पकडो," हा जॅक लावत म्हणाला.

मालकाने पाना धरला.